माडीवरची पिस्ता रंगाची खोली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धुळ्याला आईला नाही, आणि धाकट्या बहिणीलाही नाही, जिला मी एरवी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

आम्ही दोघंही शिक्षक. मी गणित शिकवते, हेमंत फिजिक्स. आधी आदिस अबाबात चार वर्षं, मग मालदीवला दोन, आणि नंतर मस्कत. अशा घरांत वर्षाचा खरा हंगाम नोव्हेंबरात असतो. शाळा एक फॉर्म देते — पुढच्या वर्षी राहणार की जाणार? मग स्टाफरूममध्ये चहाबरोबर देश चघळले जातात. कुणी व्हिएतनाम म्हणतं, कुणी कुवेत. टीव्हीचा खोका कुणी फेकत नाही, पुन्हा बांधाबांध करावी लागेल म्हणून माळ्यावर जपून ठेवतात. आमचाही होता.

आमचं मात्र ठरलेलं होतं. रेवाची, आमच्या मुलीची, आठवी झाली की परत जायचं. आठवीच का? नववीत बोर्डाची नोंदणी होते, आणि मग दहावीपर्यंत शाळा बदलणं म्हणजे डोक्याला ताप. फैजपूरला हेमंतचं घर, केळीची शेती आणि माझे सासरे — आबा. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, आबा एकटेच. भुसावळ रस्त्यावरच्या एका शाळेनं आम्हा दोघांनाही घ्यायची तयारी दाखवली होती. आबांनी तर रेवासाठी माडीवर खोली बांधायला काढली. रंग कोणता, ते तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, पिस्ता. जळगावला स्वतः जाऊन त्यांनी डबे आणले. खिडकी सातपुड्याच्या बाजूला ठेवली. इकडे रेवा कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत होती.

आणि मला जायचं नव्हतं.

का? सांगण्यासारखं फारसं नाही. लग्नानंतर दोन वर्षं मी फैजपूरला राहिले. तिथं मी हेमंतची बायको होते, आबांची सून होते. मस्कतला मी मॅडम होते. माझा वर्ग, माझी गाडी, संध्याकाळी कुठं गेले होते हे विचारणारं कुणी नाही. पण खरं सांगू? आबांनीही कधी विचारलं नव्हतं. मी नोकरी करावी म्हणून गावात सगळ्यात आधी तेच बोलले होते. तेव्हा तेही कारण म्हणून चालत नाही. मला जायचं नव्हतं, आणि ते माझ्या तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती — इतकंच.

मग मी ते रेवाच्या तोंडी घातलं.

हेमंतला म्हणाले, रेवाला आता जायचं नाहीये, वरवर हौस दाखवते, पण माझ्याजवळ रडते. तू विचारू नकोस, आणखी कोमेजेल. हेमंत भला माणूस आहे, त्यानं विचारलं नाही. त्यानं आबांना फोन लावला तेव्हा मी शेजारीच बसले होते. हेमंतनं स्पीकरवरच त्यांना सगळं सांगितलं. मग आबा म्हणाले, “तिचं मन नसीन तं बळजबरी नका करू.” फॉर्मवर आम्ही ‘राहणार’ लिहिलं.

राहिली रेवा. तिला काय सांगायचं? मी सांगितलं की आबांचं वय झालंय, घरात गडबड सोसत नाही, त्यांनीच तसं कळवलंय. कुणाजवळ बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल. ती रडली नाही. तिनं कॅलेंडर काढून ठेवलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही फैजपूरला गेलो. माडीवरच्या खोलीत ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी छतापर्यंत रचलेली होती. मागं पिस्ता भिंत दिसत होती. रेवा दारात उभी राहून बघत होती, आणि तिला पटलं — आबांना खरंच आपण नको आहोत. मग ती पायही न वाजवता चालायला लागली. दुसरा भात घेईना. तिसऱ्या दिवशी म्हणाली, धुळ्याला आजीकडे जाऊ या. ते ऐकून आबांनाही पटलं. मला पुढं काहीही करावं लागलं नाही, दोघांनी एकमेकांना सांभाळत माझं खोटं उभं ठेवलं.

निघायच्या सकाळी आबा ओट्यावर बसून आमच्याबरोबर द्यायची भरताची वांगी पुसत होते. रेवा गाडीत जाऊन बसली होती. वर न बघता त्यांनी मला विचारलं, “पोरीले मी कधी काई टाकून बोललो का, माय?”

सांगायची याहून बरी वेळ कोणती? अंगणात दुसरं कुणी नव्हतं. माणूस स्वतःहून विचारत होता, आणि त्याला स्वतःचाच दोष सापडत नव्हता. मी म्हणाले, “नाही आबा. वयच तसं असतं.”

त्यांनी मान हलवली आणि वांगी पिशवीत भरली.

याला चार वर्षं होत आली. रेवा आता बारावीत आहे. मागच्या महिन्यात कॉलेजचा विषय निघाला. हेमंतनं भीत भीत जळगावचं नाव काढलं. ती म्हणाली, “नको. तिकडं नको.” आवाज शांत होता. हेमंतनं माझ्याकडं बघितलं, म्हणजे तू तेव्हा म्हणालीस ते बरोबरच होतं. हो, आता ते बरोबर आहे.

नोव्हेंबरचा फॉर्म परवाच भरून दिला. राहणार.

आबा आहेत. ऐंशीच्या घरात आहेत, अजून मळ्यात जातात. दर रविवारी फोन करतात. पूर्वी म्हणायचे, पोरीले दे. आता मलाच विचारतात, पोरगी बरी आहे ना? ती समोरच अभ्यास करत असते. आबांचा फोन आहे हे कळलं की आवाज होऊ नये म्हणून पान उलटायचं थांबते.

मी सांगते, बरी आहे.