दुपारी बाराची चूक

डॉक्टर भिडे टीव्हीवर ग्रहताऱ्यांबद्दल बोलायला लागले की महाराष्ट्रभर लोक हातातलं काम टाकून बसत. रत्नागिरीत, आमच्या शेजारी, ते नुसते अप्पा होते. मे महिन्यात गावी आले की पायजमा-बनियनवर अंगणात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वर बघायला लावत. कुणी दबकत साडेसातीबद्दल विचारलं तर म्हणत, "अहो, शनीला रत्नागिरी कुठे आहे तेच ठाऊक नाही. तुम्ही निवांत जेवा." आणि माणूस खरंच निवांत होऊन घरी जाई.

एका वर्षी गावी येण्याआधीच्या कार्यक्रमात अप्पांनी सांगितलं, की येत्या बुधवारी रत्नागिरीत सूर्य बरोबर डोक्यावर येईल आणि दुपारी बारा वाजता माणसाची सावली नाहीशी होईल. मला कुठला दम निघतोय! आमच्या पडवीत आंबे भरणाऱ्या सहाही बायकांना मी बाराच्या ठोक्याला अंगणात उभं केलं. पायाशी वीतभर सावली. सव्वाबारा झाले तरी चार बोटं होतीच. ऊन असं, की कातळावर पाय ठरेना. शेवटी सगळ्या आत गेल्या, पण त्या खोळंब्यात हातखंब्याच्या नाक्यावर मुंबईची मालगाडी, म्हणजे ट्रक, चुकला आणि भरलेल्या पेट्या पडवीत पडून राहिल्या.

"टीवीवरचा सगला खोटा असता," सुमन म्हणाली. भरणाऱ्यांत ती सर्वांत जुनी आणि तोंडाने फटकळ.

त्याच संध्याकाळी अप्पा गावी पोचले. मी वैतागून सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. पण त्यांचा चेहराच पडला.

"अरे, सूर्याचे बारा वेगळे, घड्याळाचे वेगळे. आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला साडेबारा उलटतात. चाळीस वर्षं हेच शिकवतोय, आणि सांगताना नेमकं विसरलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्वारी पडवीत हजर. "सुमन, माझ्यामुळे तुमचं काम अडलं. मी भरू लागतो." आणि बसले की मांडी घालून! पेंढ्यात आंबे रचण्याचा त्यांचा वेग काय वर्णावा.

"डॉक्टर, हलक्या हातान. आंबो हाय तो, दगड न्हाय," सुमनने झापलं. अप्पांनी तो आंबा उचलून पुन्हा हलकेच ठेवला.

साडेबाराला तेच उठले. "सूर्याच्या कालच्या आणि आजच्या जागेत फरक जाणवणार नाही. येता का बघायला? नाही आलात तरी माझी तक्रार नाही."

सगळ्या सुमनकडे बघायला लागल्या. ती उठली, तशा बाकीच्याही उठल्या. बारा वाजून तेहतीस मिनिटांनी सावल्या पायांखाली गडप झाल्या. सुमन स्वतःभोवती गोल फिरून शोधत राहिली.

"आता बसला विश्वास?" अप्पांनी विचारलं.

"तुमच्यावर बसला. टीवीवर न्हाय."

अप्पा इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

पुढच्या कार्यक्रमात चूक कबूल करायचीच, असा त्यांनी हट्ट धरला. वाहिनीवाले म्हणाले, कुणाच्या लक्षातही आलेली नाही. "रत्नागिरीत सहा जणींच्या आलीय," अप्पा म्हणाले, आणि कबूल केलीच.

यंदा अप्पा गेले. मला फार पोरकं वाटलं. त्याच दिवशी एका वाहिनीवरून फोन आला, शेजारी म्हणून एखादी आठवण सांगा. मी ही सांगितली. फोनवरची मुलगी अवघडली.

"काका, आजच्या दिवशी त्यांची चूक कशाला? काहीतरी चांगलं सांगा ना."

"चांगलंच सांगतोय, बाळ," मी म्हटलं.