पळीचा सांधा

“बाजारातून आणली म्हणून काय झालं? पितळ ते पितळ आणि देवी ती देवी!” सासूबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

“मग तुम्ही तुमची का नाही दिलीत?” तिनं विचारलं.

तिच्या डाव्या हातात अन्नपूर्णेची वीतभरही नसलेली मूर्ती होती, उजव्या हातात त्या मूर्तीच्या हातातली पळी. उद्या चैत्रातली तीज. गौर झोपाळ्यावर बसवायची म्हणून ती सकाळपासून देव चिंचेनं घासत होती. जरा जोर लागला आणि पळी सुटून हातात आली. सांध्याच्या टोकाला पांढरं कथील चकाकत होतं.

ती तांबटाची लेक. भांडं जरा आपटलं की सासूबाई म्हणायच्या, “आली आमची तांबटीण!” लग्नात आईनं ही अन्नपूर्णा तिच्या हातात दिली होती आणि दर चैत्रात तीच गौर होऊन महिनाभर झोपाळ्यावर बसायची. पुढं घर बदलताना पळी मोडली. तेव्हा बाबांचे हात कापत होते, तरी त्यांनी भट्टी पेटवून पितळेचा डाग देऊन ती जोडली. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. हातोडी घातली असती तर पळी वाकली असती, पण सांधा हलला नसता. कथलाचा डाग देणारा या घरात एकच माणूस होता, जुने रेडिओ दुरुस्त करणारा तिचा नवरा.

“माझी देवी कुणाला दिलीत?” तिनं त्याला विचारलं.

“भाचीच्या लग्नात,” तो खाली बघत म्हणाला. “मुलगी गौरीहराला बसायची वेळ झाली आणि ताईच्या लक्षात आलं, अन्नपूर्णा आणायचीच राहिली. आईनं आपल्या देव्हाऱ्यातली तुझी दिली. पूजेपुरती म्हणून. मग ती तिच्याबरोबरच गेली.”

“आणि मी कुठं होते?”

ती कुठं होती ते तिला आठवत होतं. नवरीच्या ब्लाउजच्या बाह्या दंडाला घट्ट होत होत्या, म्हणून आतल्या खोलीत बसून शिवण उसवत होती. पाठवणीच्या वेळी भाचीनं लाल फडक्यातली देवी छातीशी धरली होती. पोरगी किती जपून धरतेय, असं म्हणून हिनंच डोळे पुसले होते.

“दुसऱ्या दिवशी नवी आणली. तुला वाईट वाटू नये म्हणून...”

“वाईट वाटू नये म्हणून कानस घेऊन देवीचं नाक झिजवलंत? चांगली पळी मोडून पुन्हा जोडलीत?”

“अगं, तू लगेच ओळखलं असतंस.”

तिला हसू आलं. वीस वर्षांत त्यानं तिच्या शिलाई मशीनचा सैल पट्टा कधी वेळेवर बदलला नव्हता. इतकं मन लावून केलेलं हे एकच काम.

“आई, जाऊ दे ना आता,” दारातून लेक म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

लेकीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “आजीनं शपथ घातली होती.”

म्हणजे सगळ्यांना. तीन चैत्र ती हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना पळी दाखवून सांगत होती, “हा आमच्या बाबांच्या हातचा डाग बरं का.” बायका वाकून बघायच्या. नवरा बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचा, लेक अत्तर लावायची, सासूबाई म्हणायच्या, “बापाचं भारी कौतुक हिला!”

“एवढंच असेल तर मागून घेऊ परत,” सासूबाईंचा आवाज उतरला. “आत्ता फोन करते.”

“लग्नात हातात दिलेली देवी परत मागायची? त्या पोरीनं काय केलंय?”

तिनं मूर्ती पुसली, पळी तिच्या पायाशी ठेवली आणि दोन्ही नवऱ्याच्या हातात दिल्या. मग पदराला हात पुसले.

“यंदा आपल्याकडे गौर बसणार नाही. शुक्रवारच्या बोलावण्याची यादी फ्रिजवर आहे. सगळ्यांना फोन तुम्ही करायचे आणि का नाही तेही तुम्हीच सांगायचं. मी शुक्रवारी भाचीकडे हळदीकुंकवाला जाणार आहे. तिला काही बोलणार नाही. गौरीची ओटी भरून परत येईन.”