अंगणवाडीतला घास

परभणीजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी निघाली. तिथली सेविका दलित वस्तीतली होती. शाळेत समता शिकवणारा मी मास्तर, पण तिच्या हातची खिचडी नको म्हणून माझी हडकुळी लेक घरीच ठेवली. माझं बघून गल्लीनंही लेकरं अडवली.

"तुमी जात सांभाळा, मी लेकरू सांभाळते," म्हणत बायकोच लेकीला अंगणवाडीत नेऊ लागली.

चार महिन्यांत लेकीचं अंग भरलं, ती पळायला लागली. तेव्हा मी खाल मानेनं अंगणवाडीत गेलो, पंगतीत बसलो. "बाई, मलाही वाढा."

"सरकारनं लेकरांसाठी दिलंय, मास्तर," ती हसली. "पण खा एक घास."

उघड्या दारात, गल्लीदेखत मी तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी लेकरं ताटल्या वाजवत पंगतीला आली.