कपाटातला टीव्ही

कुपवाडच्या एका कारखान्याच्या फाटकावर मी पत्रकं वाटत होतो, तेव्हा कडेगावकडचा एक कामगार स्कूटरवरून न उतरताच म्हणाला, "तुमच्या माने बाई गेल्या की रं… हार्ट." आता दसराही उलटून गेला, तरी बाईंबद्दल गळा काढून लिहायला मला जमत नाही. त्यांची आठवण आली की अंगात वारंच शिरतं!

आमची ओळख झाली ती माझ्या संतापामुळे. त्यांच्या शाळेला गावातल्या फौजी मंडळींनी रंगीत टीव्ही भेट दिला होता. शाळेनं काय केलं? त्याला क्रोशाचं झाकण विणून घेतलं, खंडेनवमीला बाहेर काढून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि पुन्हा कपाटात कोंडला! शिकवायच्या वस्तूचा देव केला, की शिकवायला नको. मी सणसणीत पत्रक काढलं. विज्ञान शिकवणाऱ्या माने बाईंनी मला एस.टी. स्टँडवर गाठलं. "लय झकास लिहितोस रं. पण टीव्ही सुटला का कपाटातनं? न्हाई न्हवं? मग चल, उचलू लाग."

त्यांच्या फौजी भावानं परदेशातल्या नेमणुकीवरून डिजिटल कॅमेरा आणला होता, तळहातात मावणारा. बाईंनी तो माझ्या हातात देऊन मला चित्रण करायला गावच्या तलावाच्या अलीकडच्या काठावर उभं केलं आणि स्वतः ओली गोधडी घेऊन पलीकडच्या काठावर गेल्या. धुणं धुवायला! मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. पडद्यावर बाईंनी गोधडी दगडावर आपटली. आवाज नाही. मग, जरा वेळानं… धप्! नववीतली सुनीता ताडकन उठली. "बाई, बिघडलंय ह्ये! आवाज मागनं येतोय!" बाईंनी चित्र मागे नेलं आणि गोधडी दगडाला टेकलेल्या क्षणी थांबवलं. "आवाज आत्ता कुठं हाय?" सुनीता हळूच म्हणाली, "पाण्यावर… वाटंत." "व्हय! वाटंत!" बाई टाळ्या पिटत ओरडल्या, आणि अख्खा वर्ग खरंखोटं करायला तलावाकडे पळाला. मी मोर्चे पाहिलेत, पण तसला जल्लोष नाही पाहिला!

हेडमास्तर धावत आले. "आवं बाई, काच फुटली तर जबाबदार कोण?"

"आणि पोरींची डोकी गंजली तर, सर?"

टीव्ही वर्गातच राहिला… बाई होत्या तोवर. त्या गेल्या आणि तो लगेच कपाटात गेला. म्हणे, बाईंची आठवण म्हणून जपायचा! माझं डोकं तडकलं. या खंडेनवमीला मी नवं पत्रक खिशात घालूनच शाळेत गेलो. पूजा झाली, माळ चढली, हेडमास्तरांनी शिपायाला खूण केली. तेवढ्यात सुनीता, आता दहावीतली, कपाटाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सर, पूजा झाली. आता तास हाय."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात पहिल्यांदा पत्रक खिशातच ठेवलं. ते हातातली किल्ली फिरवत मागच्या बाकावर जाऊन बसले. बाईंच्या भावानं शाळेतच ठेवलेला तो कॅमेरा सुनीतानं जोडला. झेंडूच्या माळेआड तलाव दिसला, पलीकडच्या काठावर पदर खोचलेल्या बाई दिसल्या. त्यांनी गोधडी डोक्यावर उचलली आणि दगडावर आपटली. वर्ग श्वास रोखून थांबला…

बाईंचा आवाज अजून वाटेत होता.