तपासणाऱ्याची सही

माझा नवरा रसायनीच्या एका केमिकल कंपनीत आयुष्यभर ऑपरेटर होता. "बादलीभर पाणी जरी टाकलं तरी आधी बॅचशीटवर लिवायचं," हे वाक्य मी जेवताना इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. रिॲक्टरमध्ये काय टाकलं, किती, किती वाजता, ते सगळं त्या कागदावर. खाली दोन सह्या: एक टाकणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दुसरी सही नसेल तर हे साहेबालासुद्धा झाकण उघडू देत नसत.

आणि अशा माणसानं दोन महिने स्वतःच्या पोटात काय टाकलं, ते कुठ्ठेच लिहिलं नाही! आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

ह्यांच्या हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. दर महिन्याला कर्जतला रक्त तपासायचं, डॉक्टर विचारणार, "दुसरं काही घेता का?" आणि हे मान हलवून सांगणार, "काय नाय." मी शेजारच्या खुर्चीत बसलेली असायची. मला काय ठाऊक!

सुरुवात झाली आमच्या भिसेगावच्या बुद्धविहारात. पौर्णिमेची वंदना झाली, खीर वाटायला घेतली, आणि ह्यांच्याच शिफ्टमधला, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक माणूस पिशवी घेऊन उभा राहिला. रिटायर झाल्यापासून तो असल्या कॅप्सूल विकतो. रेझव्हेराट्रॉल म्हणे. लाल द्राक्षाच्या सालीत असतं, म्हातारपण लांबवतं, केमिकल अजिबात नाय, सगळं नैसर्गिक. जिथं आम्हाला लहानपणापासून शिकवलं की कुणी सांगितलं म्हणून मानू नका, आधी पारखून घ्या, तिथंच बसून सगळ्यांनी माना डोलावल्या. कशावरून, असं एकानंही विचारलं नाही. मीही नाही. मी भांडी आवरत होते, त्याची लाज मला अजून वाटते.

मग ह्यांच्या दंडावर निळे-काळे डाग दिसायला लागले. "कुठं धडकलात?" विचारलं तर म्हणे, "म्हातारपण गं." दात घासताना रक्त यायचं, तर ब्रशला नावं ठेवायचे. एका सकाळी नाकातून रक्त सुरू झालं आणि थांबेचना. टॉवेल भिजला, दुसरा घेतला, तोही भिजला. दवाखान्याची फाईल घ्यायला मी कपाट उघडलं, तर फाईलमागे त्या कॅप्सूलची बाटली. लपवलेली! बाटली पिशवीत टाकली, ह्यांना रिक्षात घातलं आणि थेट कर्जतचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी नाकात बोळे भरले, रक्त तपासलं. भलतंच पातळ झालं होतं. मी बाटली टेबलावर आपटली. त्यांनी लेबल वाचलं, चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं. प्रयोगशाळेत, उंदरांवर वगैरे काही आशा दिसली होती, पण ह्यानं माणसाचं म्हातारपण लांबतं, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. तुमच्या गोळीबरोबर मात्र हे घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो. नाकातून झाला म्हणून दिसला, डोक्यात झाला असता तर दिसलाही नसता.

"अगं, ते औषध नाय, द्राक्ष हाय," हे कॉटवरून पुटपुटले.

"मग द्राक्षं खायची होती की! मी काय नाय बोलली असती?"

थोड्या वेळानं हे छताकडे बघत म्हणाले, "शिफ्टमधी आमी सहा जण होतो. आता दोघंच उरलो. एक मी न् एक त्यो."

 ते ऐकून माझा राग गेला नाही, उलट दुप्पट झाला. माणूस मरणाला भितो, ह्यात चूक काय? पण त्या भीतीवर धंदा करायचा? तोही ज्यानं आपल्याला काम शिकवलं त्याच्या भीतीवर?

घरी आल्यावर चार दिवसांनी तो कॅप्सूलवाला ह्यांना बघायला आला. हातात बिस्किटांचा पुडा. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"भाऊजी, तुमी स्वतः घेता का ह्या कॅप्सूल?"

"नाय वयनी," तो बोलून गेला, "मला पण रक्त पातळ करायची गोळी हाय ना. डॉक्टर नको बोलले."



"ह्यांना तीच गोळी हाय, म्हाईत होतं तुमाला?"

 तो पुड्याकडे बघत हळूच म्हणाला, "थोडी घेतली तर चालंल, असं वाटलं."

काय वाटलं? मी तोंडाला येईल ते बोलले. निर्लज्जा म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले, शेजारीण दारात येऊन उभी राहिली.  माझा दम संपल्यावर हे म्हणाले, "अगं, कागद न् पेन आण."

ह्यांनी पट्टीनं रकाने आखले. कॅप्सूलचं नाव, रोज एक, कधीपासून कधीपर्यंत, सगळं लिहिलं. खाली 'टाकणारा' लिहून स्वतःची सही केली. मग 'तपासणारा' लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"कर सही."

त्यानं पेन हातात घेतलं. बराच वेळ धरून ठेवलं, मग खाली ठेवलं आणि चप्पल घालून निघून गेला.

पुढच्या तपासणीला ह्यांनी तो कागद स्वतःहून डॉक्टरांपुढे ठेवला. आता तो फ्रिजवर लावलाय. दुसऱ्या सहीची जागा कोरीच आहे, आणि विहारात परवाच्या पौर्णिमेला तीच पिशवी पुन्हा आली होती. या वेळी मी भांडी आवरत नव्हते. फ्रिजवरचा तो कागद काढून, हातात घेऊन विहाराच्या दारात उभी होते.