मंजुळाबाईची धायटी

शिंदखेड्याजवळच्या शिवारात मंजुळाबाईचा बांध ओळखायला दगड शोधावा लागत नाही. तिथं धायटी उभी आहे. सातपुड्यात मजुरीला गेली तेव्हा पदरात रोप बांधून आणलेलं. माघ-फाल्गुनात ते झुडूप लालभडक होतं, फुलपाखरं भिरभिरतात, अंगठ्याएवढ्या फुलचुख्या फांदीला उलट्या लोंबकळून मध ओढतात. नवरा गेला, लेक सासरी गेली. दुपारच्या भाकरीला सोबत या झुडपाचीच.

यंदा शेजारच्या गिरधरची कपाशी गुलाबी अळीनं पोखरली. वेचणी संपल्यावर झाडं उपटायची, तर यानं आणखी बोंडांच्या हावरटपणानं पाणी देऊन तीच झाडं फरदड म्हणून जगवली. अळीला खानावळच उघडून दिली. आणि कुऱ्हाड घेऊन आला कुणाच्या बांधावर?

"अक्का, तुना झुडूपवर बठ्ठी पाखरं येतस. तीच मना कपाशीमा अंडी घालतस. आज तोडी टाकसू."

"अळीनी माय रातले उडस, गिरध्या. ह्या तं दिनले येतस. तुले डोळा शेतस का कवड्या?"

तो हसला आणि घाव घातला. निम्मी धायटी फुलांसकट आडवी झाली.

मंजुळाबाईनं धावत जाऊन कुऱ्हाडीचा दांडा धरला. त्यानं हिसडा दिला, दांडा तिच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं. त्यानं पुन्हा हात उगारला, तसे तिनं त्याच्या मनगटात दात रोवले ते कुऱ्हाड खाली पडेस्तोवर सोडले नाहीत. कुऱ्हाड उचलून ती सरळ त्याच्या फरदडीत घुसली. सपासप झाडं पाडत गेली. गिरधरनं भिरकावलेला दगड खांद्यावर बसला, तरी थांबली नाही. चौथ्या ओळीला एक बोंड फोडून तिनं त्याच्या पायाशी फेकलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"देख. हाई तुना घरमा वाढनी. आते पुढे येशी, तं कपाशी नही, पाय तोडसू."

त्यानं वाकून ते बोंड उचललं.

तिच्या कपाळाला सहा टाके पडले. तिसऱ्या दिवशी गिरधर मनगटाला पट्टी बांधून, उरलेली फरदड स्वतः उपटत होता. दुपारी बांधापाशी आला, मान खाली.

"अक्का, कुऱ्हाड दी टाक."

मंजुळाबाई भाकरी खात होती. कुऱ्हाड धायटीच्या तुटक्या बुंध्याला टेकवलेली होती.

"नवी फूट फुटू दे तिले," ती म्हणाली. "मंग लई जाय."