मनगट बोललं, मी गप्प

देशावरची आणीबाणी उठली आणि माझ्यावर लागली. चीनच्या लढाईत मी एकट्यानं ट्रकचा हॉर्न वाजवून पलटणभर चिनी पळवले होते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. त्याच गड्याची दोन्ही मूत्रपिंडं मिरजेच्या डॉक्टरांनी एका वाक्यात निकालात काढली. आता रक्त धुणारं यंत्र लागणार. यंत्र मुंबईला, पण त्याआधी मनगटाचं एक ऑपरेशन मिरजेतच करून घ्यायचं होतं.

"यंत्राला रक्त धो धो लागतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या शिरा बारीक. म्हणून मनगटातली धमनी शिरेला जोडायची. धमनीचा जोर आत आला की शीर फुगते, मग सुई नीट बसते."

"म्हंजी पाटाचं पाणी सरीत सोडायचं. त्येला डाक्टर कशाला? आमच्याकडं कुणीबी खोऱ्यानं दारं मोडून दील."

डॉक्टर हसले नाहीत. "उजव्या हाताच्या शिरा सलाइनच्या सुयांनी गेल्यात. हा डावा एकच उरलाय. यात रक्त चाललं नाही, तर मुंबईचं यंत्र असून नसल्यासारखं."

भूल फक्त हाताला दिली. तोंड मोकळं. 'तुमच्या तोंडाचं इंजिन बिनडिझेलचं चालतंय' असं लग्नापासून ऐकवणारी बायको त्या दिवशी दाराशी माझी बाही धरून म्हणाली, "आवं, आत बोलत ऱ्हावा. म्हंजी मला कळंल, हायसा." आणि बाहेरच्या बाकावर बसली.

मग काय, मी सुटलोच. कृष्णेच्या महापुरात म्हशीवर बसून मी कऱ्हाडहून सांगलीला कसा आलो, वाटेत भूक लागली तेव्हा चालत्या पुरात तिचीच धार काढून चहा कसा केला, सगळं रंगवून सांगितलं. चहा कशावर उकळला, असं सिस्टरनं विचारलं. अशा शंका घेणाऱ्यांना मी पुरात सोबत नेत नाही, असं तिला सुनावलं. पडद्यापलीकडं माझा हात उघडा पडलेला, आणि इकडं म्हैस औदुंबराच्या घाटाला लागलेली.

तेवढ्यात डॉक्टरांनी रक्त अडवणारे चिमटे काढले आणि जोडावर बोट ठेवलं.

"बोलू नका."

म्हैस जागच्या जागी थांबली. डॉक्टरांचं बोट हललं, परत टेकलं. "रक्ताची थरथर लागत नाही," ते मदतनीस डॉक्टरला म्हणाले. "धमनी आखडलीय. कोमट सलाइन सोडा." मग हातमोज्यात गुंडाळलेला स्टेथोस्कोप जोडावर टेकवला आणि सगळी खोली गप्प झाली.

बाहेरून आवाज आला, "आवं?"

मी गप्प.

"आवं, म्हस कुठवर आली?"

ही गोष्ट तिनं हजारदा ऐकलेली. म्हशीची तिला काय काळजी! मी डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच 'नाही' म्हटलं. दारावर थाप पडली. "बोला की वो! चहा झाला का न्हाई?" आणि मग तिचा हुंदका. जन्मभर तिच्या एका प्रश्नाला मी शंभर उत्तरं दिली होती, आणि आता साधं 'हं' म्हणायची चोरी. सरीचं तोंड उघडलं तरी कोरडी माती आधी स्वतःच पाणी पिते. पाणी पुढं सरकत नाही, घुशीच्या बिळात गेलं की काय असं वाटतं. तसा मी छताकडं बघत पडलो होतो.

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "आली," ते हळूच म्हणाले. त्यांनी खूण केली तशी सिस्टरनं नळ्या माझ्या कानांत घातल्या.

घोंऽ... घोंऽ... मध्ये कुठं खंड नाही, नुसती भरती. मनगट एवढंएवढंसं, आणि आत ही नदी! ना ती मी सोडली, ना मी तिला अडवू शकत होतो. मी सैन्यात होतो तेव्हाही ही वाहत होती, झोपेत होतो तेव्हाही. आयुष्यात पहिल्यांदा मला थापेत घालायला काही सुचेना. जे खरं होतं तेच इतकं मोठं होतं.

"आता बोला," डॉक्टर म्हणाले. "त्यांना सांगा."

कसंबसं "चाललंय" एवढंच निघालं.

बाहेरून किंकाळी आली, "ह्यो आवाज त्यांचा न्हवं! त्यांना एका शब्दात बोलता येत न्हाई!"

"म्हशीचं सांगा हो," डॉक्टर पहिल्यांदा हसले. "मला टाके घालायचेत."

"अगं, औदुंबराला हाय म्हस!" मी बोंबललो. "धार काढतोय!"

पुढं थोरल्या भावानं मूत्रपिंड दिलं आणि यंत्र सुटलं. मनगटातलं पाणी मात्र अजून चालू आहे. सकाळी चहाला आधण ठेवलं की बायको माझा डावा हात ओढून कानाशी धरते. मी तेव्हा काहीतरी सांगतच असतो.

"गप ऱ्हावा जरा," ती म्हणते. "तुमी मेल्यावरबी बोलाल. हाताचं ऐकू द्या."